दिव्याखालचे बेट



आपल्या बेळगावात वीज बंद पडली की आपण ‘करंट गेला’ म्हणतो. मराठी घरात म्हणतो, कन्नड घरातही जवळपास तसेच म्हणतो. पण करंट ‘जायला’ तो आधी आलेला असावा लागतो. मुंबईच्या गेटवेवरून जे बेट दिसते, त्या घारापुरीच्या लोकांना हे साधे वाक्य २०१८ सालापर्यंत आपल्यासारखे उच्चारता येत नव्हते. तिथे करंट जात नव्हता. तो संध्याकाळी थोडा वेळ पाहुण्यासारखा येऊन जात होता.

त्याआधी काही वर्षे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुले घेऊन मी घारापुरीची लेणी पाहायला गेलो होतो. लेण्यांतला सदाशिव पाहून मन भरले होते. परतीच्या लाँचला अजून अवकाश होता, म्हणून धक्क्याच्या वाटेवर एका टपरीशी सरबत घेत बसलो. सरबत कोमट होते. टपरीवाल्या मावशी फडक्याने कंदिलाची काच पुसत होत्या. समोर खाडीपलीकडे ट्रॉम्बेची धुराडी दिसत होती आणि दुसऱ्या अंगाला न्हावा-शेवा बंदराच्या उंच याऱ्या. आमच्यातल्या एकाने विचारले, “मावशी, रात्री तिकडचे दिवे दिसत असतील ना?” त्या म्हणाल्या, “दिसतात ना बाबा, सगळी दिवाळीच असते. पण त्या उजेडात पोरांना पुस्तक वाचता येत नाही.”

लाँच निघाल्यावर त्याच मुलाने मला विचारले, “सर, वीज समुद्र ओलांडू शकत नाही का?” इंजिनाच्या आवाजात मी त्याला काहीतरी अर्धेमुर्धे उत्तर दिले. तो प्रश्न मात्र माझ्यामागे लागला. हा लेख म्हणजे त्याचे उशिरा दिलेले, जमेल तितके पुरे उत्तर.

१. पहिले बेट

मुंबई हेही मुळात बेटच, किंबहुना बेटांचा पुंजका. भराव घालून आणि बांध बांधून ती बेटे एकमेकांना जोडली गेली. म्हणजे एकाच खाडीत दोन बेटे : एक मुंबई, दुसरे घारापुरी. दोघांमध्ये सुमारे दहा किलोमीटर पाणी. या दोन बेटांच्या विजेचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे.

मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीटचे वीजघर सुरू झाले ते वर्षही हेच, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पण मुंबईचा हा प्रयोग टिकला नाही. दिवे लावणारी कंपनी वर्षभरात बुडाली आणि मार्केटात पुन्हा गॅस आला. वीज पेटली होती, पण तिचा खर्च भागेल इतके गिऱ्हाईक तिला मिळाले नव्हते. विजेच्या इतिहासातला हा पहिला धडा : दिवा लावणे सोपे, तो लागता ठेवणे कठीण.

पुढची खटपट १९०५ साली झाली. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या ‘बेस्ट’ची मूळ संस्था, त्या वर्षी स्थापन झाली. तिने वाडी बंदरला ४,३०० किलोवॅटचे वीजघर उभे केले आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. आता बुडण्याची भीती कमी होती. कारण विजेला पगारी नोकरी लागली होती : दिवसभर ट्राम ओढायची आणि रात्री दिवे लावायचे. वीजघर चोवीस तासांपैकी जितके तास भरल्या भाराने चालते, तितकी त्याची वीज स्वस्त पडते, हा नियम आपण पाठ्यपुस्तकात ‘भारांक’ या नावाने शिकतो. मुंबईच्या ट्रामने तो साऱ्या शहराला शिकवला.

२. पाणी कुणाचे, उजेड कुणाचा

मुंबईच्या कापडगिरण्यांना मात्र याहून पुष्कळ वीज हवी होती. जमशेटजी टाटांच्या मनात सह्याद्रीच्या पावसावर वीज करण्याची योजना होती. १९०४ साली ते वारले. योजना त्यांच्या मागच्यांनी पुरी केली. लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवून ते सुमारे १,७२५ फूट खाली खोपोलीला सोडले आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये ही वीज सुरू झाली. सुमारे सत्तर किलोमीटरची वाट तुडवून, वाटेतल्या खाड्या ओलांडून ती मुंबईच्या गिरण्यांना जाऊन भिडली.

इथे जरा थांबा. ‘खाड्या ओलांडून’ हे शब्द पुन्हा वाचा. १९१५ सालीच विजेने मुंबई बेटाभोवतीचे पाणी ओलांडले होते. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे एक उत्तर मिळाले : वीज पाणी ओलांडू शकते. प्रश्न उरतो तो, कुणासाठी ओलांडते?

याच सुमाराची आणखी एक गोष्ट तुमच्यातल्या मराठी मुलांनी शाळेत इतिहासाच्या तासाला ऐकली असेल. मुळशीला धरण बांधायचे ठरले. त्यात शेते आणि गावे बुडणार होती. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालेच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुंबईचा उजेड वाढला, पण ज्यांची चूल पाण्याखाली गेली त्यांच्या वाट्याला त्यातला दिवा आला नाही. विजेच्या हिशेबाच्या वहीत कोळसा, तांबे, व्याज सगळे मांडलेले असते; बुडालेल्या गावांसाठी त्या वहीत रकाना नसतो.

आमच्या नियतकालिकाच्या कन्नड विभागाचे वाचक म्हणतील, ही सारी मुंबईची कथा झाली. तसे नाही. म्हैसूर संस्थानात दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने शिवनसमुद्र येथे वीजघर उभे राहिले. शिवनसमुद्र हेही बेटच. कावेरी तिथे दोन फाट्यांनी त्याला वेढा घालते. १९०२ साली तिथली वीज निघाली ती थेट ९२ मैलांवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे. एवढ्या लांबच्या विजेच्या तारा त्या काळी जगात मोजक्याच ठिकाणी होत्या. बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी, १९०५ मध्ये. आधी सोने, मग शहर, मग तालुका आणि सर्वांत शेवटी वाडी. विजेचा हा क्रम भाषा बदलली म्हणून बदलत नाही.

३. समुद्र खरोखरच आडवा येतो का?

आता थोडे भौतिकशास्त्र. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. त्रैराशिक येणाऱ्याला हे कळते.

समजा एका बेटाला ५०० किलोवॅट वीज पाठवायची आहे. घरात येणाऱ्या विजेच्या दाबाने, म्हणजे तीन फेजच्या ४१५ व्होल्टने पाठवायची तर तारेतून सुमारे ६९५ अँपियर प्रवाह जाईल. तीच वीज २२,००० व्होल्टने पाठवली तर प्रवाह होतो अवघा १३ अँपियर. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रवाह ५३ पट कमी झाला, तर त्याच तारेतला तोटा २,८०० पट कमी होतो. म्हणून लांबच्या वाटेवर दाब चढवायचा आणि गावाशी पोचल्यावर रोहित्राने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने, तो उतरवायचा.

जमिनीवर हे सोपे आहे. उघडी तार खांबावर टांगली की भोवतालची हवाच निरोधकाचे काम करते. समुद्रात तार टांगायला खांब नाहीत, म्हणून केबल तळाशी न्यावी लागते. मग तांब्याभोवती किंवा ॲल्युमिनियमभोवती निरोधकाचा जाड थर, त्यावर धातूचे आवरण, त्यावर जहाजांचे नांगर सोसेल असे पोलादी तारांचे चिलखत, आणि हे सारे चिखलात चर खणून पुरायचे. मुंबईच्या बंदरात तर जहाजांची सदा ये-जा. एक नांगर चुकीच्या जागी पडला तर सगळे गाव अंधारात, आणि बिघाड झालेली जागा शोधून काढायची ती पाण्याखाली.

आणखी एक गंमत आहे. मध्ये तार, भोवती निरोधक, बाहेर धातू : ही तर आपली प्रयोगशाळेतली धारित्राची रचना झाली. केबल म्हणजे मैलोगणती लांब कपॅसिटर. प्रत्यावर्ती विजेला तो सेकंदाला पन्नास आवर्तनांत भरावा आणि रिता करावा लागतो. दर किलोमीटरला पाव मायक्रोफॅरॅड धारिता धरली, तर २२ किलोव्होल्टच्या केबलमध्ये किलोमीटरमागे सुमारे एक अँपियर प्रवाह नुसता या भरण्या-उपसण्यात जातो. साडेसात किलोमीटरला साडेसात अँपियर! गावाला हवेत १३, आणि बेटावर एकही दिवा लागलेला नसला तरी केबलच्या तोंडाशी साडेसात वाहतातच. अंतर फार वाढले तर केबलची सारी ताकद तिच्या स्वतःच्याच पोटात खर्च होईल. म्हणून फार लांबच्या समुद्री केबलसाठी एकदिश वीज वापरतात.

ही अडचण माणसाने केव्हा सोडवली? स्वीडनच्या किनाऱ्यापासून दूर गॉटलंड नावाचे मोठे बेट आहे. १९५४ साली त्या बेटापर्यंत सुमारे शंभर किलोमीटरची केबल समुद्रतळावरून टाकली आणि एक लाख व्होल्टच्या एकदिश दाबाने २० मेगावॅट वीज नेली. शंभर किलोमीटर, १९५४ साली! आपल्या घारापुरीला साडेसात किलोमीटर पुरले असते. तेव्हा समुद्रावर ठपका ठेवता येत नाही.

४. दुसरे बेट

घारापुरी हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले बेट. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावे, आणि हजार-बाराशेची वस्ती. काही मासेमारी करतात, बहुतेकांचे पोट पाहुण्यांवर चालते. इथली लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

या बेटाभोवती विजेचे काय काय झाले पाहा. १९५६ साली समोर ट्रॉम्बेला टाटांचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथेच ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी चालू झाली. १९८९ साली दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने रचली, त्याने घारापुरी पाहिली असती तर आणखी दुसरा दाखला शोधला नसता.

बेटावर जी वीज होती ती डिझेलच्या जनित्राची, संध्याकाळी साधारण तीन तास. तीनच तास का? डिझेल होडीने आणायचे. लहान जनित्रात एक लिटर डिझेलला जेमतेम तीन युनिट वीज निघते. आणि मोजकेच दिवे लागलेले असले तर तेवढीही नाही, कारण रिकामे फिरायलाही इंजिनाला तेल लागतेच. हवे तर आजच्या डिझेलच्या दराला तीनाने भागा, त्यात होडीचे भाडे आणि माणसाचा पगार मिळवा आणि उत्तर आपल्या घरच्या वीजबिलाशी ताडून पाहा.

तीन तासांची वीज आणि चोवीस तासांची वीज यांत फरक आठपटीचा नाही, जातीचा आहे. तीन तासांत दिवा लागतो, बातम्या पाहता येतात. पण फ्रीज चालत नाही, कारण तो दिवसभर चालला तरच त्याचा उपयोग. बर्फ टिकत नाही, म्हणून मासळी पडेल त्या भावाला द्यावी लागते. दवाखान्याला औषध थंड ठेवता येत नाही. पिठाची गिरणी, पाण्याचा पंप, शाळेतला संगणक, कशाचेच वेळापत्रक बसत नाही. तीन तासांची वीज म्हणजे उजेड. चोवीस तासांची वीज म्हणजे धंदा, शिक्षण आणि आरोग्य. मावशींचे सरबत कोमट का होते, हे मला लाँचमध्ये नाही, पुष्कळ नंतर कळले.

अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये ही केबल आली. महावितरणने न्हाव्याच्या बाजूने साडेसात किलोमीटर लांबीची २२ किलोव्होल्टची केबल समुद्रतळातून टाकली, तिन्ही गावांत रोहित्रे बसवली, रस्त्यांवर दिव्यांचे उंच मनोरे उभे केले. खर्च सुमारे २५ कोटी रुपये, घरगुती ग्राहक सुमारे दोनशे.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब करू. पंचवीस कोटींना दोनशेने भागले तर घरामागे साडेबारा लाख रुपये. शेकडा आठ दराने वर्षाचे नुसते व्याज एक लाख. महिन्याला आठ हजारांवर. विजेची किंमत त्यात धरलेलीच नाही. कुठलाही कोळी किंवा टपरीवाला हे बिल भरू शकणार नाही, आणि कुठलीही खाजगी कंपनी ते बिल घेऊन त्याच्या दारात जाणार नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. हे नुसते अंकगणित आहे. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटचे दिवे याच अंकगणिताने विझवले. १९०५ साली मुंबईला वीज याच अंकगणिताने दिली आणि पुढे ११३ वर्षे शेजारच्या बेटाला याच अंकगणिताने वाट पाहायला लावली.

मग २०१८ साली काय बदलले? अंकगणित बदलले नाही. हिशेब कुणी करायचा ते बदलले होते. आणि त्याची सुरुवात फार आधी झाली होती. १९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्याने राज्यांना विद्युत मंडळे काढण्याची वाट मोकळी झाली. १९६० साली महाराष्ट्राचे मंडळ स्थापन झाले आणि २००५ मध्ये त्याची विभागणी होऊन महावितरण निघाले. नफा होईल तिथेच तार न्यायची असे नाही, माणूस राहतो तिथे तार न्यायची, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले. तत्त्व कागदावरून समुद्राच्या तळाशी पोचायला सत्तर वर्षे लागली, हे मात्र आपण विसरू नये.

५. केबल हीच एक वाट?

एक शंका तुम्ही जरूर काढाल : एवढा खर्च करण्यापेक्षा बेटावरच वीज करता आली नसती का? अशी बेटे आहेत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचे बेट आहे. वस्ती शंभराच्या आसपास. त्या लोकांनी १९९७ साली आपले बेट जमीनदाराकडून विकत घेतले आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी स्वतःची वीज सुरू केली. ओढ्याचे पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींवर वीज करायची, ती बॅटऱ्यांत साठवायची आणि अडीअडचणीला डिझेल. त्यांनी एक नियमही घालून घेतला : प्रत्येक घराने एका वेळी पाच किलोवॅटहून जास्त ओढायचे नाही, घर श्रीमंताचे असो वा गरिबाचे.

आमच्याकडच्या वाड्यांना पाच किलोवॅट म्हणजे चैन वाटेल. पण मुद्दा आकड्याचा नाही. एगच्या लोकांनी आधी आपसात वाटप ठरवले आणि मग यंत्रे आणली. यंत्र कुठलेही असो, केबल असो की पवनचक्की, ते कुणासाठी, किती आणि कुणाच्या खर्चाने हे माणसांनाच ठरवावे लागते. ते ठरवणारे सूत्र भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मी पुष्कळ शोधले. ते तिथे नाही.

केबल आल्यावर मी पुन्हा एकदा घारापुरीला गेलो. त्या मावशी दिसल्या नाहीत. टपरीवर त्यांची सून होती. सरबत थंडगार होते. कंदील मात्र आत खुंटीला टांगलेला होता. मी त्याच्याकडे पाहतो आहे हे बघून ती म्हणाली, “असू दे सर, करंट जातो कधी कधी.” मित्रांनो, ते वाक्य ऐकून मला झालेला आनंद तुम्हांला आता कळेल. घारापुरीचा करंट आता जाऊ लागला होता, म्हणजे तो खरोखर आला होता.

शेवटी एक काम सांगतो. बेट व्हायला भोवती समुद्रच लागतो असे नाही. आपल्या खानापूरच्या रानातल्या वाड्या पावसाळ्यात ओढे भरले की बेटेच होतात. या सुट्टीत तुम्ही आपापल्या गावी जाल, तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा : आपल्या गावात विजेचा पहिला खांब कोणत्या साली आला? तो कुणी मागितला? पहिला दिवा कुणाच्या घरी लागला, आणि शेवटचा कुणाच्या? तो ‘शेवटचा’ कोण, हे नीट लिहून घ्या. मराठीत लिहा किंवा कन्नडमध्ये लिहा, आमच्या नियतकालिकात दोन्हींना जागा आहे. ही माहिती सांगणारी माणसे फार दिवस आपल्यात राहणार नाहीत, आणि त्यांच्या आठवणी कुठल्याही वीजकचेरीच्या दप्तरात सापडणार नाहीत.